हुकूम राजाचा, पत्र डॅनबीचं

२५ मार्च १६७८ या तारखेचं एक पत्र लंडनहून पॅरिसला गेलं. लिहिणारा होता थॉमस ऑसबर्न, अर्ल ऑफ डॅनबी. इंग्लंडचा लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे राज्याचा खजिनदार, आणि त्या घडीला राजाच्या खालोखाल सगळ्यात वजनदार माणूस. घेणारा होता पॅरिसमधला इंग्लंडचा राजदूत राल्फ माँटेग्यू. पत्रातला मुद्दा असा: फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचे शत्रू यांच्यात तह झाला, तर त्या बदल्यात आमच्या राजाला तीन वर्षं दरसाल साठ लाख लिव्र मिळावेत, असं लुईकडे बोलून बघा. कारण असा तह झाल्यावर दोन-तीन वर्षं तरी पार्लमेंट राजाला पैसे देईल असं वाटत नाही.

आता याच्या पाच दिवस आधी काय झालं होतं ते बघा. २० मार्चला राजा दुसरा चार्ल्स याने एका कायद्याला मंजुरी दिली होती. पार्लमेंटने एक नवा कर बसवला होता, आणि तो कशासाठी, तर फ्रान्सशी लढायला. म्हणजे ज्याच्याशी लढायचं म्हणून घरच्यांकडून पैसे घेतले, त्याच्याकडेच न लढण्याचे पैसे मागितले. तेही एका आठवड्याच्या आत.

पत्रात आणखी एक सूचना होती. परराष्ट्रव्यवहार बघणाऱ्या सेक्रेटरीला तुम्ही जे अधिकृत पत्र लिहाल, त्यात या पैशाचा चकार शब्द नको. सेक्रेटरीला फक्त तहाचं कळवा, पैशाचं मला आणि राजाला.

आणि सगळ्यात शेवटी, डॅनबीच्या मजकुराखाली, राजाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: हे पत्र माझ्या हुकमावरून लिहिलं आहे. खाली राजाची आद्याक्षरं.

आपल्याकडे सरकारी कचेरीत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. साहेबाने तोंडी काही भलतंच काम सांगितलं की मुरलेला कारकून नम्रपणे म्हणतो, "लेखी द्या साहेब." डॅनबीने राजाकडून लेखी घेतलं होतं. तरीही तो बुडाला. कसा आणि का, हीच ही गोष्ट आहे. आणि तो बुडाला म्हणूनच पुढे एक नियम पक्का झाला, ज्याचा आपल्याशीही थोडाफार संबंध आहे.

कडकीतला राजा

दुसऱ्या चार्ल्सची गोष्ट समजून घ्यायची तर त्याचा खिसा तपासायला हवा. त्याच्या बापाचं, पहिल्या चार्ल्सचं, १६४९ साली जाहीररीत्या मुंडकं उडवलं गेलं होतं. अकरा वर्षं इंग्लंडला राजाच नव्हता. १६६० साली दुसरा चार्ल्स परत आला, आणि त्याला सगळ्यात बोचणारी गोष्ट पैशाची होती. नवा कर बसवायचा तर पार्लमेंटची परवानगी लागायची. पार्लमेंट पैसे द्यायची, पण मोजून, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कबूल करून घेऊन.

चार्ल्सला हा जाच नको होता. आणि इंग्लिश खाडीच्या पलीकडे युरोपातला सगळ्यात श्रीमंत राजा बसला होता. लुईला इंग्लंड जिंकायचं नव्हतं. त्याला नेदरलँड्सच्या बाजूला सरकायचं होतं, आणि त्या वेळी इंग्लंड शांत बसलेलं हवं होतं. १६७० साली डोव्हर इथे दोघांत एक गुप्त करार झाला. तेव्हापासून फ्रान्सचे पैसे हा चार्ल्सच्या उत्पन्नाचा एक झाकलेला भाग झाला. सरळ हिशेब होता. पार्लमेंट चिडली तर लुई आहे, लुईने हात आखडला तर पार्लमेंट आहे.

या राजाच्या खजिन्यावर १६७३च्या जूनमध्ये डॅनबी आला. यॉर्कशरचा, मध्यम प्रतीच्या जमीनदार घरातला. लहानपणी त्याच्या घराचा एक भाग कोसळला आणि त्यात मोठा भाऊ मेला. थॉमस तेवढा वाचला, कारण तो म्हणे मांजर शोधायला टेबलाखाली शिरला होता. पुढे आयुष्यभर त्याच्यावर छतं कोसळत राहिली आणि तो कुठल्या ना कुठल्या टेबलाखालून जिवंत बाहेर येत राहिला. जून १६७४मध्ये, म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच महिन्यात, तिकडे त्याला अर्ल ऑफ डॅनबी हा किताब मिळाला.

डॅनबी हिशेबाचा पक्का होता. विस्कटलेला खजिना त्याने बराचसा रुळावर आणला. खासदारांना पेन्शनी आणि पदं वाटून त्याने कॉमन्समध्ये राजाच्या बाजूचा एक गट बांधला. पण पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे की, त्याचं स्वतःचं धोरण फ्रान्सच्या विरोधात होतं. तो कट्टर अँग्लिकन होता, कॅथलिकांचा आणि फ्रान्सचा जोर वाढू नये असं त्याला मनापासून वाटायचं. नोव्हेंबर १६७७मध्ये राजाची पंधरा वर्षांची पुतणी मेरी हिचं लग्न डच नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्याशी लागलं. विल्यम हा लुईचा हाडवैरी. हे लग्न जुळवण्यात सगळ्यात मोठा हात डॅनबीचा होता. लुई त्यावरून इतका संतापला की डॅनबीला खाली खेचायचं, हे त्याच्या राजदूताचं कामच होऊन बसलं.

मग अशा माणसाने ते २५ मार्चचं पत्र लिहिलं तरी का?

एकदा टाळलं, दुसऱ्यांदा नाही

याचं उत्तर दोन वर्षं मागे आहे. १६७६च्या सुरुवातीला चार्ल्स आणि लुई यांच्यात आणखी एक छुपा करार ठरला. राजाला वाटलं, डॅनबी आणि दुसरे एक-दोन विश्वासू मंत्री यावर सही करतील. डॅनबीने टाळाटाळ केली. हा कागद कधी बाहेर आला तर मान कुणाची जाणार, हे त्याला चांगलं कळत होतं. शेवटी चार्ल्सने तो करार स्वतःच्या हाताने लिहून काढला आणि स्वतःच शिक्का मारून फ्रेंच राजदूताच्या हाती दिला. एवढ्या मोठ्या राज्याचा राजा एका खोलीत बसून कारकुनासारखी नक्कल करतोय, कारण ते काम करायला कुणी मंत्री धजत नाही. हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणून बघा.

म्हणजे धोका काय आहे हे डॅनबीला १६७६मध्येच माहीत होतं. १६७८मध्ये तो नाही म्हणू शकला नाही. लग्नाने लुई दुखावला होता, पार्लमेंटला युद्ध हवं होतं पण युद्धाचं सैन्य राजाच्या हातात द्यायची भीती वाटत होती, आणि राजाला तर युद्धच नको होतं. पद टिकवायचं तर राजाला खूश ठेवणं भाग होतं. त्याने पत्र लिहिलं आणि खाली राजाची ओळ घेतली. आता आपण सुरक्षित आहोत, असं त्याला वाटलं असावं.

जाता जाता एक गंमत. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे हे पत्र तिथल्या सरकारी पाडव्याच्या दिवशी लिहिलं गेलं होतं.

माँटेग्यूची पेटी

राल्फ माँटेग्यू हा हुशार, देखणा आणि महत्त्वाकांक्षी माणूस होता. पॅरिसमध्ये त्याचं डचेस ऑफ क्लीव्हलंड हिच्याशी प्रकरण चालू होतं. ही चार्ल्सची जुनी प्रेयसी. पुढे माँटेग्यू तिच्याच मुलीच्या मागे लागला. डचेसने थेट राजाला पत्र लिहिलं आणि माँटेग्यू तुमच्याबद्दल आणि तुमच्या खजिनदाराबद्दल काय काय बोलतो ते सविस्तर कळवलं. घाबरलेला माँटेग्यू १६७८च्या उन्हाळ्यात परवानगी न घेता पॅरिस सोडून लंडनला धावला. त्याचं राजदूतपद गेलं, प्रिव्ही कौन्सिलमधलं नाव गेलं. सेक्रेटरीच्या पदाची आशा होती, तीही गेली.

त्याच्याकडे उरली एक पेटी. तिच्यात डॅनबीची पत्रं होती.

माँटेग्यू लंडनमधल्या फ्रेंच राजदूताकडे, बारियाँकडे गेला आणि सौदा केला. मी डॅनबीला संपवतो, तुम्ही मला एक लाख क्राउन द्या किंवा जन्मभराचं पेन्शन बांधून द्या. फ्रान्सला हेच हवं होतं. पण राजा त्याला पकडून पेटी हिसकावून घेऊ शकला असता. म्हणून माँटेग्यूने आणखी एक काम केलं. त्याने नॉर्थॅम्प्टनमधून निवडणूक लढवली आणि तो खासदार झाला. पार्लमेंट भरलेली असताना खासदाराला हात लावणं राजालाही सोपं नव्हतं.

त्या हिवाळ्यात लंडनचं वातावरण विषारी झालं होतं. टायटस ओट्स नावाच्या एका भामट्याने कॅथलिक लोक राजाचा खून करणार आहेत अशी कहाणी रचली होती. ज्याच्यापुढे त्याने शपथेवर जबानी दिली, तो मॅजिस्ट्रेट गॉडफ्री ऑक्टोबरमध्ये मेलेला सापडला. मग अफवांना सीमा राहिली नाही. निरपराध माणसं फासावर जाऊ लागली. कुठल्याही कागदात कट दिसावा असे ते दिवस होते.

१९ डिसेंबर १६७८. राजाचा निरोप घेऊन मंत्री कॉमन्समध्ये आला: माँटेग्यूने पॅरिसमध्ये पोपच्या वकिलाशी गुप्त भेटीगाठी केल्या असा संशय आहे, म्हणून त्याचे कागद जप्त केले आहेत. डॅनबीने पहिला वार करून बघितला होता. पण हवी ती पेटी जप्तीत सापडलीच नव्हती. माँटेग्यूने ती दुसरीकडे लपवून ठेवली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याकडे काही पत्रं आहेत, त्यांतून एका मोठ्या मंत्र्याचे बेत दिसतील. सभागृहाने माणसं पाठवली, पेटी आली. माँटेग्यूने तिच्यातून दोन पत्रं निवडून काढली. एक जानेवारीचं, एक २५ मार्चचं. स्पीकरने ती वाचून दाखवली.

आज एखाद्या ग्रुपमधला खासगी स्क्रीनशॉट बाहेर यावा आणि तासाभरात माणसाची प्रतिमा बदलून जावी, तसं झालं. फरक एवढाच की इथे पणाला प्रतिमा लागलेली नव्हती, जीव लागला होता.

राजा चुकत नाही, मग चुकलं कोण?

पत्र ऐकून सभागृह हादरलं. पण त्यांच्यापुढे एक अवघड पेच होता. पत्राखाली राजाची ओळ आहे. म्हणजे विश्वासघात राजाने केलाय. मग राजाला जाब विचारायचा?

तीसच वर्षांपूर्वी तो प्रयोग झाला होता. त्यातून यादवी युद्ध, राजाचा वध आणि क्रॉमवेलची लष्करी राजवट, एवढं सगळं निघालं होतं. तिथे बसलेल्या बहुतेकांनी ते पाहिलं किंवा भोगलं होतं. पुन्हा त्या वाटेने जायची कुणाची तयारी नव्हती. इंग्लिश कायद्यात एक जुनं तत्त्व होतं, राजा चूक करू शकत नाही. एरवी हे तत्त्व म्हणजे राजाची खुशामत वाटेल. पण त्याची दुसरी बाजू धारदार आहे. राजा चुकूच शकत नसेल आणि चूक तर झालेली असेल, तर ती राजाला सल्ला देणाऱ्याची, त्याचा हुकूम अमलात आणणाऱ्याची आहे. म्हणजे "राजाने सांगितलं" हा बचावच उरत नाही.

दोन दिवसांत डॅनबीविरुद्ध महाभियोगाची कलमं तयार झाली. त्यातला मुख्य आरोप होता देशद्रोहाचा: याने सेक्रेटरींना आणि कौन्सिलला अंधारात ठेवून परक्या दरबाराशी युद्ध आणि तहाच्या वाटाघाटी केल्या, आणि असं करून राजाचे अधिकार स्वतःकडे ओढून घेतले. आणखी एक आरोप होता की हा मनातून कॅथलिकांचा पक्षपाती आहे. कॅथलिकांचा आयुष्यभर द्वेष केलेल्या माणसावर हा आरोप! पण त्या डिसेंबरात एवढं बारीक बघायला वेळ कुणाला होता?

डॅनबीनेही आपली पेटी उघडली. त्याने माँटेग्यूची त्याला आलेली पत्रं कॉमन्सकडे पाठवली. फ्रान्सकडून पैसे मिळतील ही आशा माँटेग्यू स्वतःच कशी लावत होता आणि फ्रान्सची माणसं इंग्लंडमधल्या विरोधकांशी कशी संधान बांधत आहेत, हे त्यांत दिसत होतं. सभागृहाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. पत्रव्यवहार दोन्ही बाजूंचा वाचला तरच कळतो, पण रागावलेल्या माणसाला एकच बाजू पुरते.

डॅनबीला ताबडतोब कैदेत टाकायला लॉर्ड्सनी नकार दिला. राजाने ३० डिसेंबरला पार्लमेंट तहकूब केली आणि २४ जानेवारी १६७९ला बरखास्तच केली. १६६१पासून चाललेली पार्लमेंट या एका पत्रापायी संपली. संरक्षण संपताच माँटेग्यू वेषांतर करून फ्रान्सला पळायला निघाला आणि डोव्हरला पकडला गेला.

माफीचा कागद

नवी पार्लमेंट आली ती आणखी चिडलेली. ती भरायच्या आधीच, १ मार्च १६७९ या तारखेने, चार्ल्सने डॅनबीला संपूर्ण माफी देऊन टाकली होती. ही माफी ज्या तऱ्हेने झाली तेही बघण्यासारखं आहे. अशा कागदावर राज्याचा मोठा शिक्का लागतो आणि तो लॉर्ड चॅन्सलरच्या ताब्यात असतो. चॅन्सलरने नंतर कॉमन्सच्या लोकांना सांगितलं की या कामात माझा सल्ला नव्हता. राजाने शिक्का मागवून घेतला आणि शिक्क्याची पिशवी वाहणाऱ्या माणसालाच तो आपल्यासमोर उठवायला सांगितला.

चॅन्सलरची चतुराई लक्षात आली का? डॅनबीचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. हुकूम पाळला तरी हात आपलाच दिसतो. म्हणून त्याने हातच लावला नाही. एका पत्राने दोन-तीन महिन्यांत दरबाराला हा धडा शिकवला होता.

कॉमन्सने माफी धुडकावली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्या गुन्ह्यात राजाचा स्वतःचा हात आहे, त्या गुन्ह्याची माफी राजाच देऊ लागला, तर मंत्र्याला कधीच कुणी जाब विचारू शकणार नाही. शेवटी एप्रिलच्या मध्यावर डॅनबी शरण आला आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये गेला.

तिथे तो जवळजवळ पाच वर्षं राहिला. खटला कधी उभाच राहिला नाही, कारण चार्ल्स एकामागून एक पार्लमेंट बरखास्त करत होता. आणि खटला मिटलाही नाही. माणसाला विनाखटला कोंडून ठेवता येऊ नये म्हणून केलेला प्रसिद्ध हेबिअस कॉर्पसचा कायदा याच पार्लमेंटने मे १६७९मध्ये मंजूर केला. डॅनबीला त्याचा उपयोग झाला नाही. पार्लमेंटने ज्याच्यावर आरोप ठेवलाय त्याला सोडणं आमच्या अधिकारात नाही, असं न्यायाधीश म्हणत राहिले. तो जामिनावर बाहेर आला तो फेब्रुवारी १६८४मध्ये. ज्याच्या हुकमावरून पत्र लिहिलं तो राजा या सगळ्या काळात राजवाड्यातच होता.

लुईची वही

मग कॉमन्समध्ये जे लोक नीतीच्या गोष्टी सांगत होते ते तरी स्वच्छ होते का?

हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. १७७०च्या दशकात सर जॉन डॅलरिंपल या स्कॉटिश लेखकाने फ्रान्सच्या दफ्तरखान्यातले बारियाँचे खलिते छापले. बारियाँ हिशेबी माणूस होता. कुणाला किती गिनी दिल्या, याच्या याद्या तो लुईला पाठवायचा. त्यात डॅनबीवर तुटून पडलेल्या विरोधकांची नावं होती. स्वातंत्र्याचा हुतात्मा म्हणून ज्याला पुढच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतलं त्या अल्जर्नन सिडनीच्या नावावर पाचशे गिनी होत्या. अनेक भाबड्या वाचकांना तेव्हा धक्का बसला.

लुईचं गणित आता स्पष्ट दिसतं. त्याने राजाला पैसे दिले, राजाच्या विरोधकांना दिले आणि राजाच्या मंत्र्याला पाडणाऱ्यालाही कबूल केले. इंग्लंडने आपापसात भांडत राहावं एवढंच त्याला हवं होतं. आणि गंमत अशी की त्याच्याकडे पैसे मागितल्याबद्दल ज्याला देशद्रोही ठरवलं, तो डॅनबीच या सगळ्यांत फ्रान्सच्या सर्वांत जास्त विरोधात होता.

२७ क्रमांकाची सही

पण डॅनबी टेबलाखालून बाहेर आला. १६८५मध्ये चार्ल्स वारला, त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला आणि तीन वर्षांत त्याने जवळजवळ सगळ्यांना दुखावलं. ३० जून १६८८ला सात इंग्रजांनी विल्यम ऑफ ऑरेंजला एक पत्र पाठवलं: तुम्ही सैन्य घेऊन या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. इंग्लंडच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात धाडसी पत्र. एक आरमारी अधिकारी साध्या खलाशाच्या वेषात ते हॉलंडला घेऊन गेला. त्यावर नावं नव्हती, आकडे होते. २७ म्हणजे डॅनबी.

दहा वर्षांपूर्वी त्याच्या पत्राखाली त्याचं नाव होतं आणि राजाची ओळही होती. या वेळी ना नाव, ना कुणाची ओळ. माणूस शिकला होता.

विल्यम आला, नोव्हेंबरमध्ये डॅनबीने यॉर्क शहर ताब्यात घेतलं, जेम्स फ्रान्सला पळाला. दहा वर्षांपूर्वी डॅनबीने जुळवलेल्या लग्नातले नवरा-बायको इंग्लंडच्या सिंहासनावर बसले. डॅनबी पुन्हा मोठा झाला आणि १६९४मध्ये ड्यूक ऑफ लीड्स बनला.

आणि १६९५मध्ये त्याच्यावर पुन्हा महाभियोग आला. या वेळी कारण होती ईस्ट इंडिया कंपनी.

इथे आपला किनारा गोष्टीत येतो. १६६८मध्ये चार्ल्सने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई कंपनीला दिली होती. पुढे कंपनीला मोगलांशी लढायची दुर्बुद्धी झाली. १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर हल्ला करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. शेवटी औरंगजेबापुढे नाक घासून आणि दीड लाख रुपये दंड भरून त्यांनी सुटका करून घेतली. लंडनमध्ये कंपनीच्या शत्रूंना हे आयतंच मिळालं. तशात एक कर वेळेवर न भरल्याने १६९३मध्ये कंपनीची सनदच धोक्यात आली. नवी सनद मिळवायला कंपनीने पैसे ओतले. गुप्त कामांच्या नावाखाली एका वर्षात ऐंशी हजार पौंडांहून जास्त खर्च झाल्याचं तिच्या वह्यांतून निघालं. त्यातल्या साडेपाच हजार गिनी एका मध्यस्थामार्फत ड्यूक ऑफ लीड्सच्या घरी पोचल्याचा आरोप होता.

आपण मध्यस्थाला फक्त मदत केली, पैसे माझे नव्हतेच, असं ड्यूक म्हणाला. पैसे मोजून घेणारा त्याचा नोकर रोबार्ट हा मुख्य साक्षीदार होता, आणि तो गायब झाला. खटला लटकला आणि पुढे सोडून दिला गेला. १६७८मध्ये पुरावा कागद होता, या वेळी पुरावा माणूस होता. कागदाला पाय नसतात, माणसाला असतात.

काय उरलं

१७०१ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट मंजूर झाला. त्यात एक छोटं कलम आहे: कॉमन्सने चालवलेल्या महाभियोगात राजाने दिलेली माफी दाखवून सुटता येणार नाही. हे कलम म्हणजे डॅनबीच्या प्रकरणाची सरळ आठवण आहे. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षांना माफीचा अधिकार दिला, तेव्हा महाभियोगाची प्रकरणं त्यातून वगळली गेली, तीही याच वाटेने. आणि सहीमागचा हुकूम कुणाचाही असो, जबाबदारी मंत्र्याची, हे तत्त्व हळूहळू पार्लमेंटरी राज्यपद्धतीचा कणा झालं. आपल्याकडे सरकारचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात आणि संसदेत उत्तर मात्र मंत्र्यांना द्यावं लागतं, त्याची एक मुळी या भांडणापर्यंत जाते.

याचा अर्थ डॅनबीला न्याय मिळाला असा नाही. खरा गुन्हेगार राजा होता, आणि तो सुटला. पत्र बाहेर काढणारा लाच ठरवून आला होता, आणि पत्र ऐकून संतापलेल्यांत लाच खाणारे बसले होते. तरीही त्यातून निघालेला नियम चांगला आहे. चांगले नियम फक्त चांगल्या माणसांनी केले असते तर फारच थोडे झाले असते.

आणि तो नियम डॅनबीच्याच बाबतीत कठोर असला, तरी मुळात चुकीचा होता असं म्हणता येत नाही. तो नाही म्हणू शकला असता. १६७६मध्ये त्याने टाळलंच होतं, आणि त्याचं पदही गेलं नव्हतं. खाली राजाची ओळ आहे म्हणून मजकूर दुसऱ्याचा होत नाही. "वरून आदेश होते" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि आपल्यातल्या पुष्कळांवर ते म्हणायची वेळही येईल. लेखी घेतल्याने पुरावा मिळतो, जबाबदारी जात नाही.

१७१०मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ड्यूक ऑफ लीड्सने १६७६ ते १६७८ या काळातली आपली पत्रं स्वतःच छापून काढली. शीर्षकातच "काही पत्रांच्या नकला आणि उतारे" असं म्हटलं होतं. कुठली पत्रं, कुठले उतारे, हे अर्थात त्यानेच ठरवलं. बत्तीस वर्षं उलटली, तीन राजे आणि दोन राण्या होऊन गेल्या किंवा गादीवर बसल्या, तरी तो त्या एका पत्राला अजून उत्तर देत होता. दोन वर्षांनी तो वारला.

माँटेग्यूचंही बरं झालं. तोही पुढे ड्यूक झाला आणि लंडनच्या ब्लूम्सबरीत त्याने आलिशान वाडा बांधला. १७५९मध्ये याच वाड्यात ब्रिटिश म्युझियम उघडलं. नंतर वाडा पाडून त्याच जागेवर आजची इमारत उभी राहिली. डॅनबीने जपून ठेवलेल्या कागदांचा मोठा गठ्ठा पुढे विकला गेला, फिरत फिरत आला आणि त्याच म्युझियमच्या हस्तलिखित विभागात जमा झाला. ज्याने एक पत्र उघडं करून डॅनबीला बुडवलं, त्याच्या घराच्या जागेवर डॅनबीची बाकीची पत्रं येऊन पडली. इतिहास लिहिणाऱ्यांनी ती तिथेच बसून वाचली, आणि त्याची बाजू पहिल्यांदा नीट समजून घेतली.